पोर्ट उघडा होता, पण पलीकडे दुसरंच कुणी होतं : साखर कारखान्याच्या काट्यावरचं एक प्रकरण

डिसेंबरातली पहाट. सहा वाजून दहा मिनिटांनी काट्यावरच्या अण्णांचा फोन आला. "दादा, दोन्ही काट्यांवर पावती निघंना झालीय. इंडिकेटरवर वजन दिसतंय, पण संगणक घेत नाही. बाहेर रांग वाढाय लागलीय, लवकर या."

मी तालुक्याच्या गावी राहतो आणि आजूबाजूच्या चार संस्थांच्या संगणकांची देखभाल करतो. पश्चिम महाराष्ट्रातला हा सहकारी साखर कारखाना त्यांपैकीच एक. नाव देत नाही, त्याची गरजही नाही. हा बिघाड दवाखान्यात, पतसंस्थेत, दूध संघात कुठेही असाच येऊ शकतो. मात्र काट्यावर आला की तो किती लवकर पेटतो हे समजायला काट्याचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं.

भरलेली गाडी आधी काट्यावर चढते. वजन होतं, मग ती गव्हाणीकडे जाते, ऊस टाकते आणि रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. पहिलं वजन डेटाबेसमध्ये जाऊन बसतं आणि दुसरं येईपर्यंत तिथेच थांबतं. त्यामुळे डेटाबेस हाताशी नसला की भरलेली गाडी आत घेता येत नाही आणि रिकामी बाहेर सोडता येत नाही. दोन्हीकडून कोंडी होते. तोडलेल्या उसाचं वजन आणि उतारा दोन्ही तोडणीनंतर घटतच असतात, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॉलीत कुणाचं तरी नुकसान चालू असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे द्यायचे असतात, आणि त्याचा हिशेब याच आकड्यांवर उभा राहतो.

शिवाय काटामारीचा, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवून शेतकऱ्याला फसवण्याचा संशय. हा शब्द ऊसपट्ट्यात किती वर्षांची जखम आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. हाताने लिहिलेली पावती दिसली की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून गाडी काढायच्या आधीच मी अण्णांना फोनवर सांगितलं, "हाती पावती सुरू करा, पण प्रत्येक गाडीचा नंबर आणि इंडिकेटरवरचा आकडा एकाच फोटोत येईल असा मोबाइलवर फोटो घ्या. पावतीवर ड्रायव्हरची सही घ्या." सव्वाआठपर्यंत अशा ४६ नोंदी झाल्या. पुढे त्या संगणकात भरताना एकाही नोंदीवर वाद झाला नाही, तो या फोटोंमुळे. त्या दिवशी मी केलेल्या कामांतलं हे सगळ्यांत उपयोगी काम होतं असं मला अजून वाटतं, आणि ते संगणकाचं कामच नव्हतं.

मांडणी अशी होती

सर्व्हर प्रशासकीय इमारतीत. त्यावर विंडोज सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, तोही स्वतंत्र नाव दिलेल्या इन्स्टन्सच्या (यंत्रावर बसवलेल्या वेगळ्या प्रतीच्या) स्वरूपात. काटे तिथून साधारण ४०० मीटरवर, मध्ये फायबर. काटा एक आणि काटा दोन, प्रत्येकाच्या केबिनमध्ये एकेक विंडोज संगणक. इंडिकेटरमधून सिरियल केबलने वजन संगणकात येतं आणि काट्याचं सॉफ्टवेअर ते डेटाबेसमध्ये लिहितं. हिशेब विभागाची माणसं मात्र आपल्या टेबलावरून रिमोट डेस्कटॉपने थेट सर्व्हरवरच शिरतात आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथेच चालवतात. ही बारीक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

आदल्या रात्री यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. साडेचारला सर्व्हर रीतसर बंद केला, पाचला पुन्हा चालू केला. पडदा नेहमीसारखा आला, बॅटरीवाले गेले. रात्रपाळीच्या लिपिकाला वाटलं, काम अजून चालूच असेल. त्यामुळे पहिला तास कुणी काही बोललंच नाही.

मी पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. गेटाबाहेर ट्रॅक्टर, टायरगाड्या, बैलगाड्या, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न. शेतकी अधिकारी स्वतः काट्याच्या केबिनमध्ये येऊन उभे होते. ईडीपी, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागातल्या मुलाने तोवर फायबरवाल्याला बोलावून दोन्ही टोकांचे मीडिया कन्व्हर्टर बदलून घेतले होते. त्याचा तर्क सरळ होता: "सर, हिशेबात सगळं चालतंय, म्हणजे डेटाबेस ठणठणीत आहे. फक्त काट्यांवर बंद आहे, म्हणजे लाइनच गेली असणार."

त्याला मी दोष देत नाही. पहिल्यांदा ऐकताना मलाही हेच पटलं असतं. पण त्याच संगणकावरून सर्व्हरला पिंग होत होतं, एकही पाकीट हरवत नव्हतं. लाइन गेली असती तर पिंग कुठून आलं असतं?

आता ईडीपीच्या मुलाचा गोंधळ उलट दिशेने वाढला. "पिंग होतंय म्हणजे नेटवर्क चांगलं आहे, हिशेब चालतोय म्हणजे डेटाबेस चांगला आहे, मग बिघडलंय काय?"

दोन्ही वाक्यांत थोडी थोडी चूक आहे. पिंगला उत्तर देतं ते यंत्र. त्या यंत्रातला डेटाबेस त्या वेळी झोपलेला असो की जागा, पिंगला त्याचा पत्ताही नसतो. पिंग झालं याचा अर्थ एवढाच, की त्या पत्त्यावर घर आहे आणि तिथवर रस्ता आहे. आणि हिशेबाचं म्हणाल तर ते सॉफ्टवेअर सर्व्हरच्या आतच चालत होतं. एकाच यंत्रावरचा ग्राहक आणि एसक्यूएल सर्व्हर एकमेकांशी बोलताना बहुतेक वेळा नेटवर्कवर येतच नाहीत. ते शेअर्ड मेमरीतून, म्हणजे यंत्राच्या स्मृतीतला एक भाग वाटून घेऊन बोलतात. फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारा पहारेकरी), पोर्ट (यंत्राचं क्रमांक दिलेलं दार), केबल, काही मध्ये येत नाही. मी सर्व्हरवर बसून चालू कनेक्शनांची यादी काढली, आणि हिशेबाच्या प्रत्येक कनेक्शनपुढे वाहतुकीच्या रकान्यात शेअर्ड मेमरी असंच लिहिलेलं होतं. टीसीपीवरून आलेलं एकही कनेक्शन नव्हतं. एकही नाही, हे लक्षात घ्या. पहाटे पाचपासून बाहेरून कुणीच या डेटाबेसपर्यंत पोचलेलं नव्हतं. "हिशेब चालतोय" हा पुरावा नव्हताच.

सर्व्हरच्या आत बसून बाहेरच्यासारखी परीक्षा घ्यायची असेल तर सर्व्हरच्या नावाआधी टीसीपी आणि कोलन (:) लिहून कनेक्शन करावं, मग शेअर्ड मेमरीची पळवाट बंद होते. पण तरीही यंत्राचा स्वतःचा फायरवॉल अशा आतल्या बोलण्याला सहसा आडवा येत नाही. खरी परीक्षा काट्यावरूनच घ्यायची.

दोन काटे, दोन संदेश

आत्तापर्यंत सगळे "दोन्ही काटे बंद" असंच म्हणत होते. कुणीही दोन्ही पडद्यांवरचे संदेश शेजारी ठेवून वाचलेले नव्हते. मी अण्णांना काटा एकवर आणि ईडीपीच्या मुलाला काटा दोनवर उभं केलं, आणि फोनवर शब्दन्‌शब्द वाचून घेतलं.

काटा एकवर संदेश तत्काळ येत होता. त्याचा अर्थ असा: सर्व्हरशी कनेक्शन जुळलं, पण लॉगिनच्या आधीच्या हस्तांदोलनात चूक झाली, पलीकडच्याने कनेक्शन तोडलं. सोबत क्रमांक १००५४.

काटा दोनवर वीसेक सेकंद काहीच होत नव्हतं, आणि मग: ठरलेल्या वेळात पलीकडून उत्तर आलं नाही. क्रमांक १००६०.

संदेश इंग्रजीत असतात, लांबलचक असतात, आणि सुरुवातीचा भाग बहुतेक वेळा एकसारखाच असतो. त्यामुळे माणूस पहिली ओळ वाचून "कनेक्शन एरर" एवढंच सांगतो. पण खरी बातमी शेपटात असते. विंडोजचे हे क्रमांक मला पाठ आहेत, आणि या कामात असलेल्या प्रत्येकाने तीन तरी पाठ करावेत असा माझा आग्रह आहे. १००६१ म्हणजे यंत्राने स्पष्ट नकार दिला: घर आहे, पण या दारामागे कुणी राहत नाही. तो लगेच येतो. १००६० म्हणजे हाक मारली आणि पलीकडे शांतता: वाटेत कुणीतरी, बहुतेक फायरवॉल, पाकीट गिळून टाकतंय. तो थांबून थांबून येतो. आणि १००५४ म्हणजे दार उघडलं, बोलणं सुरू झालं, आणि मग पलीकडच्याने दार आपटलं. नकार, शांतता आणि आपटलेलं दार यांची कारणं निरनिराळी असतात, आणि शोधण्याच्या जागाही निरनिराळ्या.

एकाच सर्व्हरकडे जाणारे शेजारशेजारचे दोन संगणक. एकाला दार आपटल्याचा आवाज, दुसऱ्याला शांतता. म्हणजे ते दोघे एकाच दारावर जात नसणार. हे वाक्य त्या वेळी मनात आलं होतं, पण मी ते पुरतं धरून ठेवलं नाही, आणि त्यात वीस मिनिटं गेली.

झालं असं. काटा एकच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने डेटाबेस कुठे शोधायचा ते सांगणाऱ्या ओळीत, सर्व्हरचं नाव, इन्स्टन्सचं नाव आणि स्वल्पविरामानंतर पोर्ट ४९६७५ लिहिलेला होता. काटा दोनच्या स्ट्रिंगमध्ये फक्त सर्व्हर आणि इन्स्टन्स, पोर्ट नाही. मी काटा एकवरून पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शनने ४९६७५ तपासला. उत्तर आलं, खरं. पोर्ट उघडा आहे. सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही ४९६७५ ला परवानगी देणारा नियम तीन वर्षांपासून जागेवर होता. मग मी मनाशी ठरवून टाकलं की पोर्टाचा प्रश्न नाही, आणि प्रमाणपत्र, एन्क्रिप्शन, टीएलएसची (कनेक्शन गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) आवृत्ती यांच्यामागे लागलो. लॉगिनच्या आधी तुटणारं कनेक्शन म्हटलं की ही कारणं खरोखरच असतात, त्यामुळे वाट चुकीची वाटत नव्हती. पण आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हेच दोन संगणक, हेच सॉफ्टवेअर, हाच सर्व्हर नीट चालत होते, आणि रात्रीत कुणी टीएलएसला हात लावलेला नव्हता. बदललं होतं एकच: सर्व्हर बंद होऊन चालू झाला होता.

टेस्ट-नेटकनेक्शन, टेलनेट ही साधनं सांगतात की त्या पोर्टावर कुणीतरी ऐकतंय. कोण, ते सांगत नाहीत. नंबर बदललेल्या माणसाच्या जुन्या नंबरवर फोन लावा. घंटा वाजते, फोन उचललाही जातो. तुम्ही कामाचं बोलायला लागता आणि पलीकडून फोन ठेवला जातो. काटा एकचं नेमकं हेच चाललं होतं.

कोण बसलं होतं

सर्व्हरवर आलो आणि आधीच करायला हवं होतं ते केलं: एसक्यूएल सर्व्हरची एरर लॉग उघडली. हा डेटाबेस सुरू होताना आपण कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टावर ऐकतोय ते दर वेळी लॉगमध्ये लिहून ठेवतो. पहाटे पाचनंतरच्या ओळीत पोर्ट होता ५०३१८. आदल्या महिन्यांतल्या प्रत्येक सुरुवातीला होता ४९६७५.

मग नेटस्टॅट चालवून ४९६७५ वर कोण ऐकतंय त्याचा प्रोसेस क्रमांक काढला, टास्कलिस्टने त्या क्रमांकाचं नाव काढलं. तो बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा कार्यक्रम होता. दिवाळीनंतर बसवलेला. चालू होताना तो कुठलाही ठरावीक पोर्ट मागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम देईल तो घेतो. सिस्टिमने त्याला ४९६७५ दिला. त्यात त्या कार्यक्रमाची काही चूक नव्हती.

आता सगळी साखळी दिसली. नाव दिलेल्या इन्स्टन्सला एसक्यूएल सर्व्हर आपण होऊन ठरावीक पोर्ट देत नाही. पहिल्यांदा सुरू होताना तो सिस्टिमकडून रिकामा पोर्ट घेतो, तो लिहून ठेवतो, आणि पुढच्या प्रत्येक वेळी आधी तोच मागतो. बहुतेक वेळा मिळतोही. त्यामुळे तो पोर्ट कायमचा असल्यासारखा वाटतो. पण तो कायमचा नसतो. मागायला गेला आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं असलं, तर तो मुकाट्याने नवा पोर्ट घेतो आणि कामाला लागतो. विंडोज सर्व्हर २००८ पासून सिस्टिम असे पोर्ट ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यातून वाटते, आणि ४९६७५ त्याच पट्ट्यातला. एसटीच्या बाकावर रुमाल टाकून गेल्यासारखं होतं ते, आरक्षण नव्हतं.

यात आणखी एक भर पडली होती. या सर्व्हरवर एसक्यूएलची सर्व्हिस कुणीतरी कधीतरी विलंबाने सुरू होणाऱ्या प्रकारात टाकली होती. असा प्रकार निवडला की यंत्र चालू झाल्यावर दोनेक मिनिटं ती सर्व्हिस थांबून राहते, आणि बाकीच्या आधी उठून बसतात. बॅकअपचा कार्यक्रम दिवाळीनंतर आला, आणि त्यानंतर सर्व्हर बंद होऊन चालू होण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे बिघाड महिनाभर आत दडून होता. बॅटरी बदलणाऱ्यांनी फक्त तो बाहेर आणला.

काटा एक जुन्या पोर्टावर गेला. तिथे फायरवॉलची परवानगी होती, कारण नियम पोर्टाच्या आकड्यावर होता, कार्यक्रमावर नव्हता. बॅकअपच्या कार्यक्रमाने दार उघडलं, डेटाबेसची भाषा त्याला कळली नाही, त्याने दार लावलं. १००५४. स्ट्रिंगमध्ये इन्स्टन्सचं नाव होतं ना, असं ईडीपीच्या मुलाने विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. पण पोर्टाचा आकडा दिला असेल तर नावाकडे बघितलंच जात नाही. आकडा जिंकतो.

काटा दोनकडे आकडा नव्हता. अशा वेळी ग्राहक संगणक आधी सर्व्हरच्या यूडीपी १४३४ वर एक लहानसं पाकीट पाठवून विचारतो: या नावाचा इन्स्टन्स कुठे ऐकतोय? तिथे एसक्यूएल ब्राउझर नावाची सर्व्हिस बसलेली असते, ती चालू पोर्ट सांगते. मी पोर्टक्वेरी हे साधन काटा दोनवरून १४३४ वर चालवून पाहिलं, आणि उत्तरात इन्स्टन्सचं नाव आणि पुढे टीसीपी ५०३१८ असं स्वच्छ आलं. म्हणजे काटा दोनला खरा पत्ता मिळत होता. तो तिथे जातही होता. पण फायरवॉलमध्ये ५०३१८ ला परवानगी नव्हती, आणि विंडोजचा फायरवॉल नको असलेलं पाकीट नकार न देता नुसतं टाकून देतो. शांतता. १००६०. खात्रीसाठी फायरवॉलची टाकलेल्या पाकिटांची नोंद चालू केली. काटा दोनच्या पत्त्यावरून ५०३१८ कडे आलेली पाकिटं मिनिटाभरात तिथे दिसली.

थोडक्यात, चुकीचा पत्ता असलेल्याला वाट मोकळी होती आणि बरोबर पत्ता असलेल्याची वाट बंद.

फायरवॉल बंद करा म्हणणाऱ्यांविषयी

या दरम्यान सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत-कक्षातून फोन आला होता. त्यांचा सल्ला: सर्व्हरचा फायरवॉल पूर्ण बंद करा, मग बघू. शेतकी अधिकारी साहेबही म्हणाले, "अहो, करा की बंद, रांग बघा बाहेर." त्यांची घाई मला मान्य होती. आणि फायरवॉल बंद केला असता तर काटा दोन त्याच क्षणी चालू झाला असता, हेही खरं. पण काटा एक झाला नसता. मग पुढचा तास "फायरवॉल काढला तरी होत नाही" या नव्या कोड्यात गेला असता. आणि अनुभव असा आहे की असा बंद केलेला फायरवॉल पुन्हा कुणी चालू करत नाही. चाललंय ना, मग हात कशाला लावा.

हे मी उगीच म्हणत नाही. ज्या १४३४ बद्दल वर लिहिलं, त्याच दारातून २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) जगभर पसरला. त्या वेळी एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये इन्स्टन्सचा पत्ता सांगणाऱ्या भागात एक भोक होतं. नावाच्या जागी मर्यादेपेक्षा लांब मजकूर पाठवला की सर्व्हर ताब्यात येत असे. अख्खा वर्म ३७६ बाइटांचा, एका पाकिटात मावणारा. सुरुवातीला त्याची लागण साधारण साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती, दहा मिनिटांत लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेक सगळी गेली, आणि एकूण आकडा ७५ हजारांच्या वर होता. भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आदल्या वर्षीच्या जुलैमध्येच दिली होती. लावली नव्हती, एवढंच. तेव्हापासून अनेक नेटवर्कांत १४३४ डोळे मिटून बंद ठेवतात. तेही मला पटत नाही, कारण मग नावाने शोधणारा प्रत्येक संगणक आंधळा होतो आणि त्याचा एक वेगळाच, २६ क्रमांकाचा संदेश येतो: सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही. दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे ठरवून लिहिणं हाच खरा मार्ग आहे.

रांग आधी, दुरुस्ती मग

पोर्ट कायमचा बांधायचा तर एसक्यूएलची सर्व्हिस बंद करून चालू करावी लागते. हिशेब विभागात पंधरवड्याची ऊसबिलं चालू होती, ती मध्येच तोडणं बरोबर नव्हतं. म्हणून आधी तात्पुरतं केलं. फायरवॉलमध्ये ५०३१८ ला परवानगी दिली, पण फक्त दोन काट्यांच्या पत्त्यांसाठी. आठ वाजून पाच मिनिटांनी काटा दोनने पहिली पावती काढली. काटा एकच्या स्ट्रिंगमध्ये नवा आकडा घातला, सव्वाआठला तोही चालू झाला. रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला मामा छापलेली पावती हातात घेऊन दोनदा वाचूनच पुढे गेला.

दुपारी दीड वाजता बिलांचं काम थांबलं तेव्हा कायमची दुरुस्ती केली. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपीच्या गुणधर्मांत सगळ्यांत खाली सर्व पत्त्यांसाठीचा विभाग असतो. त्यात डायनॅमिक पोर्टाचा रकाना पूर्ण रिकामा केला. तिथे शून्य ठेवलं तर त्याचा अर्थ "दे कुठलाही" असा होतो, आणि ही चूक मी इतरांच्या सर्व्हरवर अनेकदा पाहिली आहे. खालच्या रकान्यात १४३३ लिहिलं. ईडीपीच्या मुलाचं म्हणणं होतं की सगळ्या जगाला माहीत असलेला आकडा नको. मला उलट वाटतं. या यंत्रावर दुसरा इन्स्टन्स नाही, बाहेरच्या इंटरनेटला हे यंत्र दिसत नाही, आणि १४३३ पाहिल्यावर पुढच्या माणसाला न विचारता कळेल की हा एसक्यूएल सर्व्हर आहे. शिवाय हा आकडा सिस्टिमच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा आहे, त्यावर सहज कुणी येऊन बसणार नाही. समजा बसलंच, तर ठरावीक पोर्ट न मिळाल्याने एसक्यूएल मुकाट्याने दुसरीकडे जाणार नाही. लॉगमध्ये पोर्ट व्यापलेला असल्याचं लिहील आणि सुरूच होणार नाही. मला तो आरडाओरडा हवा आहे. जो बिघाड ओरडतो तो दहा मिनिटांत सापडतो.

सर्व्हिसचा विलंबाचा प्रकार काढला. फायरवॉलचे ४९६७५ आणि ५०३१८ चे दोन्ही नियम पुसले. पहिला नियम पुसणं विसरलं जाण्यासारखं होतं, कारण त्याने काही बिघडत नव्हतं. पण तो बॅकअपच्या कार्यक्रमाचं दार विनाकारण उघडं ठेवत होता. नवा नियम १४३३ साठी, काटे आणि कार्यालय यांच्याच पत्त्यांपुरता. दोन्ही काट्यांच्या स्ट्रिंग एकसारख्या केल्या: टीसीपी, कोलन, सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, १४३३. नावाने शोधणारं काही उरलं नाही हे दोन आठवडे पाहून ब्राउझर सर्व्हिसही थांबवली.

ज्यांच्याकडे दुसरा डेटाबेस आहे त्यांच्यासाठी एवढंच, की सर्व्हरवर चालतं आणि बाहेरून चालत नाही हा भास तिथेही होतो, कारणं फक्त निराळी असतात. पोस्टग्रेस मुळात फक्त आपल्या यंत्रापुरताच ऐकतो, बाहेरच्यासाठी ऐकण्याचा पत्ता आणि परवानगीची वेगळी फाइल असं दोन ठिकाणी लिहावं लागतं. त्याचा पोर्ट ५४३२. मायएसक्यूएलचा ३३०६, आणि तिथे ऐकण्याचा पत्ता १२७.०.०.१ वर बांधलेला अनेकदा सापडतो.

राहिलं होतं ते तपासणं. हा बिघाड सर्व्हर चालू होतानाच जन्माला आला होता, त्यामुळे चालत्या सर्व्हरवर "झालं" म्हणण्यात अर्थ नव्हता. हंगामात काटा चोवीस तास चालतो, रिकामा वेळ मिळत नाही. दोन दिवसांनी, केनयार्डात (ऊसगाड्यांच्या तळावर) गाड्या कमी असताना, अण्णांना आधी सांगून दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू केला. लॉगमध्ये १४३३ आला. बॅकअपचा कार्यक्रम या वेळीही आपल्या मर्जीचा पोर्ट घेऊन बसला होता, त्याच्याशी आता कुणाला घेणंदेणं नव्हतं. तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी अण्णांचा फोन आला, "दादा, दोन्ही काटे चालू. भरलेली एक, रिकामी एक, दोन्ही पावत्या निघाल्या."

सर्व्हरच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पोर्ट, फायरवॉलचा नियम, दोन्ही काट्यांच्या स्ट्रिंग आणि बदल केल्याची तारीख आहे. खाली ईडीपीच्या मुलाने आपल्या अक्षरात तीन क्रमांक आणि त्यांचे अर्थ लिहिले आहेत: १००६१ नकार, १००६० शांतता, १००५४ दार आपटलं.